खरं बोलणाऱ्याला दारातून परत पाठवू नका

मा. श्री ठाणेदार यांस,
सदस्य, प्रतिनिधीगृह, अमेरिकी काँग्रेस



तुम्ही बेळगावात वाढलात, आपलं आत्मचरित्र मराठीत लिहिलंत, म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे. आणि ते खुलं ठेवते आहे, कारण हा विषय अमेरिकेतल्या मराठी घरांत दबक्या आवाजात बोलला जातो. ज्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला हा अनुभव आलेला असतो, ते घर गप्प बसतं. लोक काय म्हणतील, ही धास्ती असते. सरकारनं ‘तू खोटारडा आहेस’ असं म्हणून परत पाठवलं, हे चारचौघांत कोण सांगणार?

विषय आहे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकरभरतीत घेतल्या जाणाऱ्या पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्याच्या यंत्राच्या, चाचणीचा. माझी मुख्य मागणी आधीच मांडते: दुसरा कोणताही पुरावा नसताना, निव्वळ या यंत्राच्या आलेखावरून कुणालाही सरकारी नोकरी नाकारता येऊ नये, असा कायदा काँग्रेसनं करावा आणि त्यासाठी तुम्ही पुढाकार घ्यावा.

तुम्हीच का, तर त्याची कारणं आहेत. तुम्ही होमलँड सिक्युरिटी समितीवर काम केलं आहे आणि कायद्यानं सक्तीची केलेली पॉलिग्राफ चाचणी होमलँड सिक्युरिटी खात्याच्याच कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन विभागात, म्हणजे सीबीपीत, होते. तुमचं डेट्रॉइट हे सीमेवरचं शहर. विंडसरहून अॅम्बॅसडर ब्रिजवरून परत येताना खिडकीशी जो अधिकारी आपला पासपोर्ट बघतो, तो याच विभागाचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही रसायनशास्त्रज्ञ आहात, प्रयोगशाळा चालवलेल्या आहेत. चाचणी चुकते म्हणजे काय होतं आणि तिचं चुकण्याचं प्रमाण माहीत नसेल तर तिच्या निकालाची किंमत काय, हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ साली काँग्रेसनं एम्प्लॉयी पॉलिग्राफ प्रोटेक्शन अॅक्ट केला आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली. त्याआधी दुकानं, बँका, गोदामं सर्रास उमेदवारांना या यंत्राला जोडत असत. ही पद्धत कामगारांवर अन्याय करणारी आहे हे काँग्रेसला पटलं आणि थोडे अपवाद सोडून खासगी मालकांना ती बंद झाली. पण त्याच कायद्यात केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारांना मोकळीक ठेवली गेली. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर माणूस ठेवताना जे यंत्र वापरायला बंदी, ते देशाच्या सेवेत माणूस घेताना चालतं.

न्यायालयंही या यंत्रापासून दूरच राहिली आहेत. १९२३ च्या फ्राय खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं या तंत्राच्या पूर्वजाला पुरावा मानायला नकार दिला. १९९८ च्या शेफर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं लष्करी न्यायालयांमधली पॉलिग्राफबंदी योग्य ठरवली. पॉलिग्राफ विश्वासार्ह आहे यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, असं त्या निकालात नोंदवलं आहे. म्हणजे आरोपीला दोषी किंवा निर्दोष ठरवायला जे पुरेसं नाही, ते एका तरुणाचं करिअर सुरू होण्याआधीच संपवायला पुरतं.

सीबीपीत ही सक्ती आली ती २०१० च्या अँटी बॉर्डर करप्शन अॅक्टनं. त्यामागचं कारण खरं होतं, ते मी नाकारत नाही. सप्टेंबर २००१ नंतर सीमेवर घाईघाईनं भरती झाली, तस्करांच्या टोळ्यांनी आपली माणसं घुसवायचा प्रयत्न केला. काँग्रेसच्याच लेखापरीक्षण संस्थेच्या, म्हणजे जीएओच्या अहवालानुसार, २००५ ते २०१२ या आर्थिक वर्षांत सीबीपीच्या १४४ आजी-माजी कर्मचाऱ्यांना भ्रष्टाचाराशी संबंधित गुन्ह्यांत अटक झाली किंवा त्यांच्यावर आरोप ठेवले गेले. सीमेवरचा एक लाचखाऊ अधिकारी किती नुकसान करू शकतो, हे डेट्रॉइटच्या माणसाला कळतं. त्यामुळे चाळणी लावायलाच हवी. माझा आक्षेप चाळणीच्या जातीवर आहे.

या चाळणीनं काय केलं? जानेवारी २०१७ मध्ये असोसिएटेड प्रेसनं वृत्त दिलं की सीबीपीच्या पॉलिग्राफमध्ये जवळजवळ दोन तृतीयांश उमेदवार नापास होतात. इतर पोलीस खात्यांच्या तुलनेत हे प्रमाण फार मोठं होतं. यांत माजी सैनिक होते, वर्षानुवर्षं पोलिसात काम केलेली माणसं होती. याचे दोनच अर्थ निघतात. एकतर सीमेवर नोकरी मागायला येणाऱ्या दर तीन अमेरिकनांपैकी दोघं लबाड आहेत, नाहीतर चाचणीतच खोट आहे. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी बॉर्डर पेट्रोलमध्ये ५,००० माणसं वाढवण्याचा आदेश काढला आणि पुढे जागा भरत नाहीत म्हणून चाचणीचा नवा, आटोपशीर प्रकार आणला गेला. चाचणी इतकी शास्त्रशुद्ध असती, तर भरतीची निकड वाढताच ती अशी बदलली असती का?

आता त्या खोलीत काय होतं ते सांगते. ज्यांनी चाचणी दिली आहे त्यांना हे पाठ आहे, बाकीच्यांना कल्पना नसते.

छोटी खोली, भिंती कोऱ्या. उमेदवाराच्या छातीभोवती आणि पोटाभोवती रबरी नळ्या बांधतात, श्वास मोजायला. दंडाला रक्तदाबाचा पट्टा. दोन बोटांना घामाची विद्युतवाहकता मोजणारी टोकं. बसायच्या जागेवर हालचाल टिपणारी गादी. प्रत्यक्ष प्रश्नांआधी परीक्षक बराच वेळ गप्पा मारल्यासारखं बोलतो. प्रत्येक प्रश्न आधीच वाचून दाखवतो, उमेदवार काय उत्तर देणार ते विचारून घेतो. मग पट्टा फुगवला जातो आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा, मध्ये थांबत थांबत, सपाट आवाजात विचारले जातात. हालायचं नाही, समोर बघायचं, उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’.

हे यंत्र खोटं पकडत नाही. ते श्वास, रक्तदाब आणि घाम मोजतं. खोटं बोलताना माणसाच्या शरीरात होतो आणि खरं बोलताना कधीच होत नाही, असा एकही बदल आजवर कुणाला सापडलेला नाही. त्यामुळे परीक्षक तुलना करतो. काही प्रश्न मुद्द्याचे असतात: ‘अमली पदार्थांची तस्करी केली आहे का?’ काही प्रश्न तुलनेसाठी असतात: ‘विश्वास ठेवणाऱ्या माणसाशी आयुष्यात कधी खोटं बोललात का?’ या दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण बिचकत ‘नाही’ म्हणतील आणि ते थोडंफार खोटं असेल, असं गृहीत धरलेलं असतं. काही पद्धतींत तर परीक्षक सांगूनच तिथे खोटं बोलायला लावतो. शरीर तुलनेच्या प्रश्नावर जास्त दचकलं तर उमेदवार पास, मुद्द्याच्या प्रश्नावर जास्त दचकलं तर नापास.

ठाणेदार साहेब, याचा अर्थ नीट पाहा. जो माणूस मनापासून सांगतो की, ‘होय, लहानपणी आईशी खोटं बोललो, एकदा शाळेत कॉपी केली’, त्याला तुलनेच्या प्रश्नाची भीती उरत नाही. पण तस्करीच्या प्रश्नावर त्याचं काळीज धडधडतं, कारण त्याला ठाऊक असतं की याच उत्तरावर आपलं आयुष्य ठरणार आहे. म्हणजे मनानं जितका स्वच्छ, तितका धोका जास्त. याउलट ज्याला खोटं बोलायची सवय आहे, ज्याला लाजच वाटत नाही, त्याची नाडी स्थिर राहते. प्रामाणिकपणा मोजण्याचा दावा करणारी पद्धत प्रामाणिक माणसावरच उलटते.

हा माझा एकटीचा तर्क नाही. सरकारनं स्वतः नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या शास्त्रज्ञांना या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितलं होतं. लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ वेन हो ली यांच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेल्यानंतर ऊर्जा खात्यात पॉलिग्राफचा वापर वाढला, त्यातून या अभ्यासाची समिती नेमली गेली. त्या प्रकरणात डिसेंबर १९९८ च्या चाचणीत ली आधी पास ठरवले गेले आणि मग तेच आलेख दुसऱ्यांनी वाचले तेव्हा निकाल फिरला. पुढे न्यायाधीशांनी त्यांना झालेल्या वागणुकीबद्दल भर न्यायालयात त्यांची माफी मागितली.

कार्नेगी मेलन विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ स्टीफन फाइनबर्ग यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीनं २००३ च्या ग्रंथात एक हिशेब मांडला. समजा १०,००० कर्मचारी आहेत आणि त्यांत १० हेर आहेत. चाचणी बरीच अचूक आहे असंही मानू. दहापैकी आठ हेर सापडतील इतकी ती कडक ठेवली, तर त्या आठांबरोबर १,५९८ निर्दोष माणसंही नापास होतात आणि दोन हेर तरीही सुटतात. निर्दोष माणसं वाचावीत म्हणून ती सैल केली, तर नापासांची संख्या चाळीसच्या आसपास येते, पण दहापैकी आठ हेर पास होऊन कामावर हजर राहतात. यातला कुठलाही पर्याय निवडा, देश सुरक्षित होत नाही. म्हणूनच समितीनं स्पष्ट सांगितलं की कर्मचाऱ्यांच्या सरसकट छाननीसाठी या यंत्रावर विसंबता येणार नाही. ज्या प्रयोगशाळेत एका खऱ्या दोषी नमुन्यामागे दोनशे चांगले नमुने फेकले जातात, त्या प्रयोगशाळेचा अहवाल तुम्ही तरी ग्राहकाला दिला असता का?

आणि चोर सोडून संन्याशाला सुळी, याची उदाहरणं अमेरिकेच्याच इतिहासात आहेत. सीआयएचा अॅल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत संघाला गुपितं विकत होता. त्याच्यामुळे अमेरिकेसाठी काम करणारी माणसं मारली गेली. १९८६ मध्ये त्यानं पॉलिग्राफ दिली, पास झाला. १९९१ मध्ये पुन्हा दिली, पुन्हा पास झाला. रशियनांनी त्याला सल्ला दिला होता तो एवढाच: रात्री नीट झोप, शांत राहा, परीक्षकाशी छान वाग. क्युबासाठी हेरगिरी करणारी संरक्षण गुप्तचर खात्यातली आना मॉन्टेस १९९४ मध्ये पॉलिग्राफ पास झाली आणि सप्टेंबर २००१ मध्ये पकडली गेली, तोवर ती बढत्या घेत होती.

एम्स पकडला गेला तो वेगळ्याच मार्गानं, आणि तो मार्ग मला फार महत्त्वाचा वाटतो. सीआयएतल्या सँडी ग्राइम्स आणि जीन व्हर्टफ्यूल यांनी कागद समोर घेऊन तारखा जुळवल्या. सोव्हिएत अधिकाऱ्याशी जेवणाची भेट कधी झाली आणि बँकेत हजारो डॉलर कधी जमा झाले, ते एकाखाली एक लिहिलं. भेट झाली की एक-दोन दिवसांत भरणा, असं चित्र निघालं. सरकारी पगारात त्यानं आर्लिंग्टनला ५ लाख ४० हजार डॉलरचं घर रोखीनं घेतलं होतं, जॅग्वार गाडी फिरवत होता. हे सगळं उघड्यावर होतं. पण चाचणी पास झालेला माणूस म्हणून त्याच्याकडे नीट बघायला उशीर झाला. पॉलिग्राफचा सगळ्यात मोठा तोटा मला इथे दिसतो: ती खोटं समाधान देते आणि कष्टाची चौकशी मागे पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे एम्स सीआयएत आला १९६२ साली. तो फितला त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळानं, कर्जाच्या आणि घटस्फोटाच्या खर्चाच्या ओझ्याखाली. एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन १९७६ ला नोकरीला लागला आणि १९७९ ला त्यानं पहिली गुपितं विकली. भरतीच्या दिवशी या माणसांच्या मनात काय होतं ते कुठलंही यंत्र सांगू शकलं नसतं, कारण त्या दिवशी तिथे काही नव्हतंच. माणूस बिघडतो तो पुढे, पैशाच्या, व्यसनाच्या, रागाच्या क्षणी. तेव्हा त्याच्याकडे कोण बघतंय, हा खरा प्रश्न आहे.

पॉलिग्राफच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. ते म्हणतात, यंत्र चुकलं तरी त्याच्या धाकानं लोक कबुली देतात. हे खरं आहे. सीबीपीच्या चाचण्यांत काहींनी गंभीर गुन्हे कबूल केले आहेत, आणि अशा माणसांना बाहेर ठेवलंच पाहिजे. पण मग नकाराचं कारण ती कबुली असली पाहिजे, आलेख नव्हे. ज्यानं काहीच कबूल केलं नाही, ज्याच्या पार्श्वभूमीत काहीच सापडलं नाही, त्याला केवळ रेघा वर गेल्या म्हणून नापास करणं याचं समर्थन कबुलीच्या मुद्द्यानं होत नाही.

असंच झालं आमच्या ओळखीतल्या एका मराठी घरातल्या मुलीचं. लहानपणापासून तिला केंद्रीय तपास खात्यात जायचं होतं, त्यासाठी ती गुन्हेशास्त्र शिकली. सशर्त नियुक्तीपत्र हातात आलं तेव्हा आईनं पेढे वाटले. मग एसएफ-८६ हा फॉर्म आला: गेल्या दहा वर्षांतला प्रत्येक पत्ता, परदेशातले नातेवाईक, परदेश प्रवास. मायलेकींनी जेवणाच्या टेबलावर बसून सांगलीच्या मामाचा पत्ता, कोल्हापूरच्या आत्याची जन्मतारीख, प्रत्येक दिवाळीची भारतवारी लिहून काढली. कॉलेजात एकदा गांजा ओढला होता, तेही तिनं लिहिलं. इथे मिशिगनमध्ये २०१८ पासून तो कायदेशीर आहे, पण केंद्राच्या कायद्यात नाही. फॉर्ममध्ये खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे हे तिला माहीत होतं, आणि नसतं तरी तिनं लिहिलंच असतं, अशी ती मुलगी आहे.

चाचणीच्या खोलीत परीक्षक तिला पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, ‘एवढंच नाही, अजून काहीतरी आहे, सांगून टाक.’ सांगण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी ती घरी आली आणि आपणच काही विसरलोय का, याचा विचार करत बसली. काही आठवड्यांनी एका ओळीचं पत्र आलं. कारण नाही, आलेख नाही, कुणाशी बोलायची सोय नाही. पुढे दुसऱ्या खात्यात अर्ज करताना प्रश्न आला, ‘यापूर्वी पॉलिग्राफ दिली आहे का? निकाल काय?’ तिनं खरं लिहिलं. तिथूनही उत्तर आलं नाही. आता ती एका विमा कंपनीत काम करते. तिथे तिचं चांगलं चाललं आहे. देशानं मात्र एक सच्ची मुलगी गमावली, आणि तिच्या जागी कोण बसलं ते कुणालाच ठाऊक नाही.

अशा मुलांसमोर आणखी एक पेच असतो. चाचणी कशी होते याची माहिती वाचली, तर परीक्षक विचारतो, ‘तयारी करून आलास का?’ कारण चाचणीला फसवण्याच्या युक्त्या शिकवणाऱ्यांवर सरकारनं खटले भरले आहेत. केंद्र सरकारच्या पॉलिग्राफ चाचण्यांत खोटं बोलायला शिकवल्याबद्दल ओक्लाहोमाच्या एका माजी पोलीस परीक्षकाला २०१५ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. फसवणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण ज्या चाचणीबद्दल नुसतं वाचणंही संशयास्पद ठरतं, ती चाचणी ज्ञानाला घाबरते, असंच म्हणावं लागेल.

आपल्या जन्मभूमीनं यावर काय केलं, तेही सांगायला हवं. ५ मे २०१० रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला की पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग कुणावरही बळजबरीनं करता येणार नाही, तपास करणाऱ्या पोलिसांनाही नाही. तेलगी घोटाळ्यापासून महाराष्ट्रात या चाचण्यांचा बोलबाला होता, त्यामुळे या निकालाचं महत्त्व मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. तो निकाल आरोपींच्या बाबतीत होता, नोकरीच्या उमेदवारांच्या नव्हे, हे मला मान्य आहे. अमेरिकेतला उमेदवार संमतीपत्रावर सही करतो, हेही खरं. पण सही केली नाही तर नोकरी नाही, अशी संमती किती मोकळी असते? आरोपीला जे संरक्षण मिळतं, त्याच्या निम्मं तरी उमेदवाराला मिळावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून तुमच्याकडे या मागण्या करते आहे.

एक, पॉलिग्राफचा आलेख हे एकटं कारण म्हणून नकारासाठी वापरता येऊ नये. उमेदवाराची कबुली किंवा चौकशीत सिद्ध झालेली बाब असेल तरच नकार द्यावा, आणि तो लेखी कारणासह.

दोन, प्रत्येक चाचणीचं, आधीच्या मुलाखतीसह, पूर्ण चित्रीकरण व्हावं आणि उमेदवाराला ते मागता यावं. बंद खोलीत काय झालं, हे एकट्या परीक्षकाच्या शब्दावर ठरू नये.

तीन, अपील खात्याबाहेरच्या माणसांकडे व्हावं, आणि त्यांत निदान एक संख्याशास्त्रज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ असावा.

चार, प्रत्येक खात्यानं दरवर्षी पास-नापासाचं प्रमाण परीक्षकनिहाय जाहीर करावं. एकाच यंत्रावर एक परीक्षक बहुतेकांना नापास करतो आणि दुसरा मोजक्यांनाच, असं असेल तर ते लोकांना कळलं पाहिजे.

पाच, एका खात्यातलं नापास हे दुसऱ्या खात्याच्या दारावरचं कुलूप ठरू नये.

सहा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: यावर खर्च होणारा पैसा आणि माणूसबळ पार्श्वभूमीच्या प्रत्यक्ष चौकशीकडे आणि नोकरीत असलेल्यांवरच्या नियमित देखरेखीकडे वळवावं. शेजाऱ्यांशी बोलणारा, जुन्या साहेबांना फोन करणारा, बँकेचे व्यवहार तपासणारा अन्वेषक महाग पडतो, वेळ घेतो. पण ग्राइम्स आणि व्हर्टफ्यूल यांनी जे केलं, ते अशाच माणसांनी केलं होतं.

२०१७ मध्ये प्रतिनिधीगृहानं माजी सैनिक आणि पोलिसांना या चाचणीतून सूट देण्याचं विधेयक मंजूर केलं होतं. सूट देणं हा उपाय नाही, असं मला नम्रपणे वाटतं. चाचणी चांगली असेल तर ती सैनिकालाही लागू व्हावी, चुकीची असेल तर शिक्षकाच्या मुलीलाही लागू होऊ नये. २०२५ मध्ये सीमा आणि इमिग्रेशन खात्यांच्या भरतीसाठी अब्जावधी डॉलर मंजूर झाले आहेत, आणि बातम्या फोडणारे शोधायला होमलँड सिक्युरिटी खात्यानं आपल्याच कर्मचाऱ्यांना या यंत्राला जोडायला सुरुवात केली. म्हणजे वापर वाढतोच आहे. पाऊल उचलायचं तर आत्ताच.

सरकारी सेवेत प्रामाणिक माणसं हवीत, यावर तुमचं-माझं दुमत असणार नाही. पण प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यायचा अधिकार ज्याला हवा, त्यानं आधी आपली परीक्षा प्रामाणिक असल्याचं दाखवावं लागतं. आपल्या शास्त्रज्ञांनी नाकारलेल्या, आपल्या न्यायालयांनी दूर ठेवलेल्या चाचणीवर माणसांचं भवितव्य ठरवणारं सरकार हे दाखवू शकत नाही. तुम्ही शास्त्रज्ञ म्हणून समितीपुढे उभे राहिलात आणि त्या १,५९८ माणसांचा हिशेब वाचून दाखवलात, तर काँग्रेसला उत्तर द्यावंच लागेल. ते उत्तर मागा, एवढीच विनंती.



आपली,
मिशिगनमधली एक मराठी मतदार